डावीकडची भिंत

"...मग काय लिहू, सर? घ्यावा, की घेऊ नये?"

आशुतोष बोरकुटेने हे तिसऱ्यांदा विचारलं.

उमरेडकर सरांनी पंपाची सुई जिभेवर ओली केली, बास्केटबॉलच्या भोकात हलकेच सरकवली आणि हवा भरायला लागले. आठ बॉल होते. पाच भरून झाले होते.

"कुठून आलास?" त्यांनी विचारलं.

"हॉटेलवरून, सर."

"तसं नाही रे. मैदानात कुठून आलास?"

"फाटकातून."

"म्हणजे वळसा घालून."

"एकच तर फाटक आहे न, सर."

"हं..."

आणि ते पुन्हा पंप मारायला लागले.

नागपूरच्या जुन्या वस्तीतलं ते मैदान. मैदान हा आपला म्हणायचा शब्द. अर्धं सिमेंटचं कोर्ट, एकच रिंग, कोपऱ्यात पत्र्याची खोली. बस्स. पण त्या अर्ध्या कोर्टावरून सरांनी राज्याच्या संघात एकोणीस खेळाडू पाठवले होते. शाळेतल्या पी.टी.च्या नोकरीतून ते निवृत्त झाले त्याला वीस वर्षं झाली. मैदानातून निवृत्त व्हायचं मात्र राहूनच गेलं. आता वय अठ्ठ्याहत्तर. डोळे अधू झालेले, पण बॉलमध्ये हवा पुरेशी झाली की नाही हे त्यांना आवाजावरून कळायचं.

आशुतोष हा त्या एकोणिसांतला सगळ्यात गाजलेला. आता तो पस्तिशीचा होता. गुडघ्याने साथ सोडली तसा खेळ सुटला, आणि एका व्यावसायिक संघाने त्याला खेळाडू हेरायच्या कामावर घेतलं. गावोगावचे सामने पाहायचे, तरुण पोरं टिपायची आणि प्रत्येकाचा अहवाल लिहायचा. एका रकान्यात बलस्थानं, दुसऱ्यात उणिवा, खाली शिफारस. या कामात त्याचं नाव झालं होतं, आणि आपलं नाव झालंय हे त्याला चांगलं ठाऊक होतं.

संघाला एक फॉरवर्ड हवा होता. फॉरवर्ड म्हणजे रिंगजवळ धक्के खात खेळणारा उंच गडी. जागा एक आणि नावं दोन. एक पोरगा पंजाबचा. दुसरा लोकेश मडावी, मूळचा चंद्रपूरचा, वय एकवीस, गेली चार वर्षं सरांच्याच हाताखाली. अहवाल आज संध्याकाळी सातच्या आत जायचा होता.

खरं सांगायचं तर अहवाल लिहून तयार होता. सरांचा पोरगा नाकारतोय तर निदान त्यांना तोंडावर सांगावं, एवढा सरळपणा आशुतोषमध्ये होता. पण त्याच्या पोटात आणखी एक गोष्ट होती. आपण काय बारीक हेरलंय ते सरांनी पाहावं, आणि एकदा तरी म्हणावं, वा रे आशू! पंधरा वर्षांनी माणूस एवढ्यासाठी येतो, यात हसण्यासारखं काही नाही. आपण सगळे याच्यासाठीच कुठे ना कुठे जात असतो.

"वाच," सर म्हणाले.

"काय?"

"काय लिहून आणलंस ते. मला चष्म्यानेही दिसत नाही आता."

आशुतोषने लॅपटॉप मांडीवर उघडला. घसा साफ केला.

"बलस्थानं. उंची साडेसहा फूट. हात लांब. रिंगवरून परतलेला बॉल पकडण्यात या वयात याच्या तोडीचा दुसरा पाहिला नाही. पास मऊ देतो. पडला तर लगेच उठतो. पंचांशी वाद घालत नाही."

"बरं."

"उणिवा." आशुतोष थोडा थांबला. चांगला गायक समेवर येण्याआधी थांबतो तसा. "अकरा सामने पाहिले. रिंगकडे चौऱ्याऐंशी वेळा धावला. त्यातल्या एक्याऐंशी वेळा उजवीकडून. डावीकडे फक्त हूल देतो, जात नाही. डावीकडे भितो. ही खोड आता जाणार नाही. शिफारस... घेऊ नये."

पंप थांबला.

"चौऱ्याऐंशीतले एक्याऐंशी?"

"हो, सर. इतरांच्या लक्षातही आलं नाही. त्याची ती उजवीकडची गिरकी इतकी देखणी आहे की सगळे टाळ्याच वाजवतात."

"एवढं बारीक पाहिलंस! वा रे आशू."

आला. ज्याच्यासाठी नागपूर गाठलं तो शब्द आला. आशुतोषची छाती फुगली, आणि छाती फुगली की माणूस चार शब्द जास्त बोलतो.

"वाईट वाटतं हो, सर. पोरगा सोन्यासारखा आहे. पण शिकवणाऱ्याने वाटोळं केलं त्याचं."

"कोणी?"

"तुम्ही नाही, सर! तुमच्याकडे आला तेव्हा सतराचा होता, अंगाला वळण लागून गेलं होतं. त्याच्या आधी, लहानपणी... असेल चंद्रपूरकडचा कोणी दीडशहाणा."

"दीडशहाणा," सर म्हणाले.

त्यांनी तो शब्द जरा चघळला. मग सहावा बॉल उचलला आणि खांद्यापासून खाली सोडला. बॉल कमरेपर्यंत उसळला. त्यांनी मान हलवली आणि तो आशुतोषच्या हातात दिला.

"दहा बास्केट टाक."

"मी?"

"मग काय मी टाकू?"

"सर, सहा वाजत आले. सातला मला..."

"दहा टाक. मग सांगतो काय लिहायचं ते."

सरांनी बॉल हातात दिला की तो टाकायचा असतो. पस्तिशीत पोट सुटलं तरी अंगात मुरलेलं ते जात नाही. आशुतोषने बूट काढले, मोजे काढले, पँट घोट्याच्या वर दुमडली. सिमेंट अजून कोमट होतं. तळव्यांना ते लागलं आणि त्याला एकदम बरं वाटलं.

तोवर सरांनी लोखंडी खुर्ची ओढत नेली. रिंगच्या उजव्या अंगाला, बरोबर धावायच्या वाटेत ठेवली, आणि तिच्यात बसले.

"सर, तुम्ही मध्येच बसलात."

"मग दुसरीकडून जा. जागा काय कमी आहे?"

आशुतोष हसला. बॉल आपटला, एक, दोन, आणि निघाला. डावीकडे हूल, खांदा खाली, उजवीकडे गिरकी... आणि सरांच्या गुडघ्याला आदळता आदळता कसाबसा थांबला.

सर बुटाची नाडी बांधत होते. त्यांनी वरही पाहिलं नाही.

"एक झाला का?"

"नाही, सर. सवयीने झालं."

दुसऱ्यांदा त्याने ठरवून डावीकडे पाऊल टाकलं. एक टाकलं, दोन टाकली. तिसऱ्याला अंग आपोआप फिरलं आणि पुन्हा तो खुर्चीपुढे उभा.

तिसऱ्या खेपेला त्याला राग आला. त्याने दात आवळले आणि डावीकडे मुसंडी मारली. रिंग समोर आली, हात उचलायचा तेवढा बाकी... आणि त्याचा खांदा आखडला. डावं कोपर झटकन चेहऱ्यापुढे आलं. बॉल सुटला, सिमेंटवरून गवतात गेला आणि घरंगळत राहिला.

घरंगळतच राहिला. कशालाच अडला नाही. गवत संपलं, पायवाट लागली, पार रस्त्याच्या कडेपर्यंत गेला.

आशुतोष कोपर तसंच वर धरून त्या बॉलकडे पाहत राहिला.

आल्यापासून मैदान मोठं का वाटत होतं, ते त्याला आता कळलं. लहानपणच्या जागा पुन्हा पाहिल्या की लहान वाटतात. ही मोठी वाटली होती.

"सर... इथे भिंत होती."

"होती."

शेजारच्या आरामशीनची, म्हणजे लाकूड कापायच्या कारखान्याची भिंत. कोर्टाच्या डाव्या रेषेपासून जेमतेम दोन हातांवर, उघड्या विटांची, माथ्यावर काचा लावलेली. चौदा वर्षांचा आशू एकदा डावीकडून जोरात आला होता आणि थांबता न आल्यामुळे तोंडावर तिच्यात गेला होता. सात टाके पडले. सरांनी त्याला सायकलच्या दांडीवर बसवून, एका हाताने त्याची भुवई दाबून धरत डॉक्टरकडे नेलं होतं. त्यांचा पांढरा शर्ट पुढून सगळा लाल झाला होता. तो शर्ट नंतर त्यांच्या अंगावर पुन्हा दिसला नाही.

त्याचा हात नकळत भुवईवर गेला. वण होताच तिथे. रोज दाढी करताना दिसायचा, आणि रोज दिसतो म्हणून दिसेनासा झाला होता.

"तुम्हाला माहीत होतं? मी डावीकडे जात नाही, हे?"

"टाके काढून तू पहिल्यांदा मैदानात आलास ना... त्या दिवसापासून."

"आणि मला बोलला नाहीत?"

"बोललो असतो तर भिंत सरकली असती का?"

आशुतोषने भुवईवरचा हात खाली घेतला.

"तू उजवीकडूनच इतका चांगला खेळायला लागलास," सर म्हणाले, "की लोक म्हणायचे, काय गिरकी आहे पोराची! कोणाला वाटलंच नाही की पोरगा भिऊन राहिला. मला दिसायचं. पण त्यात तुझी काय चूक? भिंतच होती तिथे. भिंतीला भ्यायचं नाही, असं मी कोणत्या तोंडाने सांगू?"

"मग तुम्ही..."

"मग मी आरामशीनच्या मालकाकडे गेलो."

"कधी?"

"दर महिन्याला."

सर अर्धवट हसले. सांगायचं नव्हतं, पण आता निघालंच आहे तर सांगून टाकावं, असं ते हसणं होतं.

"तो म्हणायचा, भिंत काढली तर माझं लाकूड चोरीला जाईल. मी म्हणायचो, बरं. पुढच्या महिन्यात पुन्हा जायचो. सात वर्षं गेलो. शेवटी मशीन त्यानं गावाबाहेर हलवली, तरी भिंत काही पाडेना. एक दिवस मात्र कंटाळला. म्हणाला, पाडा बाप्पा ती भिंत, पण तुमचं येणं बंद करा! दुसऱ्याच दिवशी पहाटे आम्ही पहारी घेऊन भिडलो. दुपारपर्यंत साफ."

सात वर्षं. आशुतोषने मनात हिशेब केला, आणि तो नीट लागला. भिंत पडली त्याच्या एकच वर्ष आधी तो बँकेच्या संघातून खेळायला पुण्याला निघून गेला होता.

आणि ते पोस्टकार्ड...

आलं होतं एक. दोनच वाक्यं. "आज भिंत पाडली. येऊन जा." सरांनी काहीतरी उद्घाटन-बिद्घाटन ठेवलं असेल, नारळ फोडायला बोलावत असतील, असं त्याला वाटलं होतं. त्या आठवड्यात सामने होते. कार्ड त्याने कुठल्याशा पुस्तकात ठेवलं. नंतर दर गुरुपौर्णिमेला तो सरांना न चुकता फोन करायचा. भिंतीचं मात्र त्याने कधी विचारलं नाही आणि सरांनीही कधी काढलं नाही.

"मी आलोच नाही, सर."

"कामात होतास."

सरांच्या बोलण्यात रुसवा नावालाही नव्हता. तो असता तर आशुतोषला सोपं गेलं असतं.

तेवढ्यात रस्त्याच्या बाजूने कोणीतरी आलं. लांब टांगा, खांद्याला बॅग. घरंगळत गेलेला बॉल त्याने वाकून एका हाताने उचलला आणि तो पायवाटेने थेट कोर्टाकडे आला. जिथे भिंत होती ती जागा त्याने सहज ओलांडली. त्याच्या लेखी तिथे कधी काही नव्हतंच.

लोकेश मडावी. आशुतोषने त्याला अकरा वेळा वर प्रेक्षकांत बसून पाहिलं होतं. इतक्या जवळून आज पहिल्यांदा.

लोकेशने सरांच्या पायांना हात लावला. मग वळला आणि आशुतोषच्या अनवाणी पायांशी वाकला.

"अरे, अरे..."

"ओळखलं नाही न, सर?"

"ओळखतो की. तुझे अकरा सामने पाहिलेत."

"ते नाही, सर. त्याच्या आधीचं." लोकेश लाजला. एवढा साडेसहा फुटी गडी लाजला की मोठा गोड दिसतो. "चंद्रपूरला तुम्ही मे महिन्यात शिबिर घेतलं होतं. पंधरा दिवसांचं. मी पाचवीत होतो. सगळ्यात मागच्या रांगेत."

आशुतोषला आठवेना. त्या वर्षांत अशी वीसेक शिबिरं त्याने घेतली होती. शिट्टी, टोपी, शेवटच्या दिवशी फोटो.

"तुमची ती गिरकी आहे न... मी तेव्हापासून करून राहिलो. अकरा वर्षं झाली. पाहता का, सर?"

आणि 'हो' म्हणायच्या आत तो निघाला. बॉल आपटला, एक, दोन. डावीकडे हूल. खांदा खाली. डावं कोपर झटकन चेहऱ्यापुढे. मग उजवीकडे गिरकी, खुर्चीतल्या सरांना अलगद चुकवून, आणि बॉल जाळीतून खाली.



ही गिरकी आशुतोषने अकरा सामन्यांत शंभरदा पाहिली होती. कोपर मात्र त्याला आज दिसलं. आपलंच होतं म्हणून दिसलं नसेल.

"ते कोपर..." त्याचा आवाज त्यालाच ओळखू येईना. "ते कोपर कशाला वर करतोस?"

"तुम्ही करायचे न, सर."

"मी शिकवलं होतं?"

"नाही. तुम्ही सांगितलं नव्हतं. मी पाहून पाहून उचललं." लोकेशला त्याचा अभिमान वाटत होता. "बाकी पोरांच्या लक्षात नाही आलं."

आशुतोषने सरांकडे पाहिलं. सर सातव्या बॉलची सुई ओली करत होते.

"हा पहिल्या दिवशी आला," सर पंपाकडे बघतच म्हणाले, "आणि तिकडून धावत सुटला. मला नीट दिसत नाही. मला वाटलं, आशू आला..."

त्यांनी सुई बॉलच्या भोकात सरकवली.

"चार वर्षं सांगून राहिलो, डावीकडे जा बाबू, डावीकडे जा. ऐकत नाही. म्हणतो, आशुतोष सरांनी असंच शिकवलं आहे. आता आशुतोष सरांपुढे माझं काय चालणार?"

चिमटा होता, पण मायेचा. आशुतोषला तो लागला, आणि लागायलाच हवा होता. 'दीडशहाणा' हा शब्द मघापासून त्याच्या कानात वाजत होता. बोललेलं परत घेता आलं असतं तर त्याने तो एकच शब्द घेतला असता.

"तू मला सामन्यांना पाहिलं असशील," तो लोकेशला म्हणाला. "मग कधी भेटायला का नाही आलास?"

"यावंसं लई वाटायचं, सर. पण तुम्ही निवडीच्या कामाला आलेले. ओळख काढली असती तर बरं दिसलं नसतं."

लोकेशने बॉल एका तळव्यावरून दुसऱ्यावर घेतला.

"एक विचारू का, सर? माझ्यात काय कमी आहे, ते निवडणारं कोणी तोंडावर सांगत नाही. नुसतं 'पाहू' म्हणतात. ही तिसरी खेप आहे. घरून बाबा म्हणतात, आता बस झालं, भरतीची तयारी कर. या वेळी नाही झालं तर मी ऐकणार त्यांचं. पण काय कमी होतं ते तरी कळू द्या. तुमचं मी मानेन."

सव्वासहा झाले होते. मांडीवरून उतरलेला लॅपटॉप पत्र्याच्या खोलीच्या पायरीवर उघडाच होता, आणि त्यात या प्रश्नाचं उत्तर स्वच्छ अक्षरांत लिहिलेलं होतं. डावीकडे भितो. ही खोड आता जाणार नाही.

"कमी आहे," आशुतोष म्हणाला. "पण ते तुझं नाही. माझं आहे."

त्याने लोकेशचं बोट धरून आपल्या भुवईवरच्या वणावर ठेवलं आणि सगळं सांगितलं. भिंत, काचा, सात टाके, लाल झालेला शर्ट. कोपर कशासाठी वर यायचं, तेही. सांगताना त्याने स्वतःला कुठेही सांभाळून घेतलं नाही.

लोकेश ऐकत राहिला. मग त्याने डावीकडच्या मोकळ्या गवताकडे पाहिलं.

"पण चंद्रपूरला तर भिंत नव्हती, सर."

"नव्हती."

"आणि इथे मी आलो तेव्हाही नव्हती."

"नव्हती."

"म्हणजे मी अकरा वर्षं... तुमच्या भिंतीला भिऊन राहिलो?"

आणि तो हसला. खो खो हसला. त्याच्या हसण्यात कडवटपणा असता तर आशुतोषने तो मान खाली घालून सोसला असता. पण नव्हता, आणि आशुतोषचे डोळे भरून आले. त्याने ते पुसले नाहीत. सरांना दिसत नव्हतं, आणि लोकेशला दिसलं तर दिसू दे, असं त्याला वाटलं.

मग आशुतोष वळला. अनवाणी चालत कोर्टाच्या डाव्या रेषेपलीकडे गेला आणि दोन हातांवर, जिथे विटा होत्या बरोबर तिथे, रिंगकडे तोंड करून उभा राहिला. पाठीला उगाचच गार वाटत होतं. त्याने दोन्ही हात पसरले.

"ये. डावीकडून ये. थांबू नकोस."

"तुम्हाला लागेल, सर."

"मी विटांचा नाही. ये."

लोकेश आला. तिसऱ्या पावलाला अंग फिरलं.

"पुन्हा."

पुन्हा आला. कोपर वर.

"कोपर खाली. इथे मी आहे. पुन्हा."

चौथ्या खेपेला तो आला तो आलाच. बॉल रिंगवर आदळून भलतीकडे गेला, आणि साडेसहा फुटांचा पोरगा सरळ आशुतोषच्या छातीवर. दोघंही गवतात आडवे. आशुतोषने त्याला घट्ट धरलं होतं. पडल्यावरही क्षणभर सोडलं नाही.

"लागलं?" लोकेशने विचारलं.

"नाही. तुला?"

"नाही."

"मग उठ. अजून सहा राहिले."

दहातले दोन जाळीत गेले. उरलेले आठ असे भरकटले की सरांना नीट दिसत नव्हतं हे बरंच झालं. आवाजावरून त्यांना कळलंच म्हणा. पण शेवटच्या तिन्ही वेळा कोपर खाली होतं.

साडेसहा.

लोकेश नळावर पाणी प्यायला गेला. आशुतोष पायरीवर बसला आणि लॅपटॉप मांडीवर घेतला. डावीकडे जात नाही, हे वाक्य त्याने ठेवलं. ते खरं होतं, आणि खरं खोडायला तो काही सरांकडून शिकला नव्हता. 'भितो' हा शब्द त्याने काढला. 'ही खोड आता जाणार नाही' हेही काढलं. त्याच्या जागी लिहिलं : ही सवय शिकवलेली आहे. शिकवणारा मी. जायला वेळ लागेल. पण जाईल, हे आज पाहिलं. शिफारशीच्या रकान्यात 'घ्यावा' असं लिहिलं.

खाली हेरणाऱ्याचं नाव लिहायची पद्धत नव्हती, नुसता क्रमांक असायचा. त्याने क्रमांक खोडला आणि पूर्ण नाव टाकलं. आशुतोष प्रभाकर बोरकुटे.

त्याने ते सरांना वाचून दाखवलं. सरांनी मान हलवली. वा म्हणाले नाहीत, आणि आशुतोषच्या ते लक्षातही आलं नाही.

"आपल्याच पोराची वकिली केली म्हणतील, सर. मलाच काढून टाकतील कदाचित."

"हं..."

"आणि त्याला घेतलं नाही तर?"

सरांनी आठवा बॉल खांद्यापासून सोडला. तो कमरेपर्यंत उसळला. त्यांनी तो जाळीच्या पिशवीत टाकला आणि पिशवीचं तोंड बांधलं.

आशुतोषने अहवाल पाठवला. बूट चढवले. सरांच्या पायांवर डोकं ठेवलं तेव्हा सरांचा हात त्याच्या केसांवरून खाली आला, भुवईपाशी थांबला, आणि अंगठा त्या वणावरून एकदाच हलका फिरला.

"काय होईल, सर?" त्याने पुन्हा विचारलं. आता त्या आवाजात पस्तिशीचा माणूस नव्हता. "घेतील का हो त्याला?"

तो सवयीने फाटकाकडे वळला होता. सरांनी त्याचा दंड धरला आणि त्याला अलगद डावीकडे फिरवलं. तिकडे गवत होतं, पायवाट होती, रस्त्यावरचे दिवे नुकतेच लागत होते.

"इकडून जा," ते म्हणाले. "जवळ पडतं."